खासदाराला लिहून खरंच काही होतं का? (तंत्रज्ञानाचे कायदे, विरोध आणि आपण)

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक ३ तारखेला लोकसभेत मांडलं गेलं. ते मिळवून, वाचून, कलमं समजून घेण्यात माझे दोन-तीन दिवस गेले. त्यात शेवटाकडे, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल होता. वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट देणारं हे कलम, त्यातल्या अटीच काढून टाकल्या होत्या. डोकं फिरलं. ६ तारखेला, रविवारी रात्री, आमच्या खासदारांना चांगलं चार पानी ईमेल लिहिलं. ७ ला लोकसभेत विधेयक मंजूर. ९ ला राज्यसभेत. मला आलेलं एकमेव उत्तर म्हणजे 'आपला ईमेल प्राप्त झाला आहे'. तेही मशीनने पाठवलेलं.

तेव्हापासून प्रश्न पडलाय. इंटरनेट, डेटा, एन्क्रिप्शन, प्रसारण या विषयांवरचे कायदे येत राहणार. त्यातलं एखादं कलम आपल्याला घातक वाटलं तर लोकप्रतिनिधीपर्यंत ते पोचवायची काही रीत आहे का? ऑनलाइन याचिकेवर सही करून मोकळं व्हायचं नाहीये. तुमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष काही केलं असेल तर लिहा. फसलेलं असलं तरी चालेल, किंबहुना तेच जास्त हवंय.

टवाळ_पाखरू

चार पानी! ताई, खासदार राहू द्या, मी हा धागासुद्धा पहिल्या परिच्छेदानंतर सोडणार होतो. (हलकेच घ्या.)

शेरा_मारणारा

थोडक्यात उत्तर: नाही.

जरा लांब उत्तर: १९८५ पासून घटनेत दहावी अनुसूची आहे. पक्षाने व्हिप (मतदानाचा पक्षादेश) काढला की खासदाराने त्याप्रमाणे मत द्यायचं, नाहीतर खासदारकी धोक्यात. तुमचं पत्र वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी बटण तो पक्षाचंच दाबणार. मग पत्र कशाला?

आणि इतिहासच बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं) डिसेंबर २००८ मध्ये जवळपास चर्चेविना आलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली, देशभर आरडाओरडा झाला. ते कलम गेलं कधी? २४ मार्च २०१५. घालवलं कुणी? सर्वोच्च न्यायालयाने. एकाही खासदाराने नाही.

मी_फक्त_वाचतो

वाचनखूण साठवली.

कोपऱ्यातलं_टेबल

शेरा_मारणारा, व्हिपबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पटला नाही. मी एका खासदारांकडे वर्षभर संशोधन सहायक होतो. पक्ष सांगत नाही, नाव तर नाहीच. पत्रांचं काय होतं ते सांगतो.

ईमेल खासदार उघडत नाहीत. उघडतात ते स्वीय सहायक, नाहीतर माझ्यासारखं कुणी पोरगं. पहिली चाळणी एकच: हा माणूस आपल्या मतदारसंघातला आहे का? पत्ता किंवा पिनकोड नसेल तर मेल 'इतर' मध्ये जातं, आणि 'इतर' म्हणजे काय ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसरी चाळणी: हा काय मागतोय? रस्ता, बदली, शिफारसपत्र, दवाखान्याची मदत याला ठरलेले कप्पे आहेत. 'आपण या विधेयकाला विरोध करावा' याला कप्पाच नाही. कारण त्यावर सहायकाला करता येण्यासारखं काही नसतं. तोही बिचारा व्हिप बघूनच चालणार.

पण जे मागितलं तर सहायकाला लगेच हातपाय हलवता येतात, असं बरंच आहे. तारांकित किंवा अतारांकित प्रश्न. शून्य प्रहरातला मुद्दा. लोकसभेत असाल तर नियम ३७७ खाली निवेदन. मंत्र्यांना पत्र. कलमाला दुरुस्ती सुचवणं. यातल्या बहुतेकांना व्हिप लागत नाही. सत्ताधारी पक्षाचा खासदारसुद्धा प्रश्न विचारू शकतो, विचारतातही.

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. तारांकितांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात, शिवाय सोडत असते. पण अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, ते सभागृहाच्या नोंदीत जातं आणि पुढे न्यायालयात, वर्तमानपत्रात, पुढच्या पत्रात वापरता येतं. आमच्याकडे अधिवेशनाआधी नेहमी एकच बोंब असायची: चांगले प्रश्न द्या कुणीतरी! नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून तुमचं पत्र अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी आलं तर ते सहायकाला देवासारखं वाटतं. सहाला रात्री आलं तर... असो.

हो, आणि तुमचे खासदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. तेव्हा शेजारचा मतदारसंघ किंवा राज्यसभा गाठा.

टवाळ_पाखरू

म्हणजे 'कृपया माझ्या भाच्याची बदली आणि डेटा विधेयकाच्या कलम ४४(३) (तेच, माहिती अधिकारात बदल करणारं) ची दुरुस्ती करावी' असं एकत्र लिहिलं तर कप्पा मिळेल?

कोपऱ्यातलं_टेबल

मिळेल. भाच्याचा.

जुना_टंकलेखक

माझा अनुभव. ईमेल नको, कागद द्या. पांढरा कागद, एक बाजू, वर विषय, खाली सही, नाव, पत्ता. मतदारसंघातल्या संपर्क कार्यालयात स्वतः जा. दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठू नका. पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून विचारा. सरकारी नोकरीत आयुष्य टपाल हाताळण्यात गेलं, म्हणून सांगतो: क्रमांक पडलेला कागद फेकायला माणूस घाबरतो. ईमेल डिलीट करायला कुणी घाबरत नाही.

सातासमुद्रापलीकडे

जुना_टंकलेखक काका, तुमचा सल्ला इथे अमेरिकेत मात्र उलटा पडेल. २००१ मध्ये पाकिटांतून अँथ्रॅक्स पाठवल्याचे प्रकार झाले, तेव्हापासून वॉशिंग्टनला काँग्रेसकडे येणारं टपाल आधी दुसरीकडे तपासलं जातं. पत्र सदस्याच्या टेबलावर जाईपर्यंत मतदान होऊन जायचं. इथे लोक फोन करतात, आणि तोही शक्यतो जिल्हा कार्यालयात. फोन उचलणारा तरुण पोरगा झिप कोड विचारतो, विधेयक कुठलं, बाजूने की विरोधात, एवढी नोंद करतो. दिवसाअखेर बेरीज वर जाते. बोलणं अर्ध्या मिनिटाचं. मी पहिल्यांदा केला तेव्हा बोलायचं सगळं कागदावर लिहून घेतलं होतं आणि तरी त-त-प-प झालं. त्या पोरानेच धीर दिला.

व्हिपचा मुद्दा इथे तितकासा नाही, त्यामुळे आकड्यांना वजन आहे. १८ जानेवारी २०१२ ला सोपा आणि पिपा या (ऑनलाइन पायरसी रोखण्यासाठीच्या) विधेयकांविरुद्ध इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा ठेवला होता, आठवत असेल. लोकांना गंमत वाटते ती काळ्या पडद्याची. खरी करामत पडद्याखालच्या चौकटीत होती: झिप कोड टाका, तुमचा प्रतिनिधी कोण आणि त्याचा नंबर काय ते बघा. ८० लाखांवर लोकांनी ते बघितलं. दोन दिवसांत मतदान पुढे ढकललं आणि ती विधेयकं परत वर आलीच नाहीत.

शेरा_मारणारा

तिथे गूगल आणि विकिपीडिया मागे उभे होते. आपल्यामागे कोण? टवाळ_पाखरू?

टवाळ_पाखरू

मी आहे की. पण मला पोच लागेल, शिक्क्यासकट.

चष्मा_कुठे_ठेवला

आकड्यांवरून वाद चाललाच आहे तर आपल्याकडचंच एक उदाहरण. त्यात दोन्ही बाजूंचे साचेबद्ध ईमेल होते आणि दोघांचं नशीब वेगळं निघालं.

मार्च २०१५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवावं या तत्त्वावर, चर्चापत्र काढलं. ११८ पानं, शेवटी २० प्रश्न. स्वयंसेवकांनी त्या वीसही प्रश्नांची उत्तरं तयार करून साइटवर ठेवली, लोकांनी बदल करून किंवा न करता पाठवली. दहा लाखांवर ईमेल गेले. मग वर्षअखेरीला वेगवेगळ्या साइटसाठी वेगळे डेटा दर लावण्याबद्दलचं दुसरं चर्चापत्र आलं, तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून फ्री बेसिक्सच्या (मोजक्याच साइट फुकट देणारी फेसबुकची योजना) बाजूने लाखो साचेबद्ध संदेश पाठवले. ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला स्पष्ट कळवलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत, आणि ही काही मतमोजणी नाही. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावी दरांवर बंदीचा आदेश निघाला.

म्हणजे साचा वाईट असतो असं नाही. विचारलेल्याचं उत्तर त्यात आहे की नाही, हे बघितलं जातं.

ट्राय म्हणजे निवडून आलेली मंडळी नव्हेत हे मान्य. पण त्या काळात खासदारही बोलू लागले, सभागृहात मुद्दा आला, कारण विषय चहूबाजूंनी तापला होता.

अवांतर: २०१५ मध्ये ट्रायने ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या नाव-पत्त्यांसकट साइटवर टाकले होते! दहा लाख लोकांचे ईमेल पत्ते उघड्यावर. तेव्हा कुठल्याही सल्लामसलतीला उत्तर पाठवताना मोबाइल नंबर वगैरे सढळ हाताने लिहू नका.

सातासमुद्रापलीकडे

साच्यावरून आठवलं. २०१७ मध्ये इथल्या एफसीसीकडे (दूरसंचार नियामक) नेट न्यूट्रॅलिटीवर २.२ कोटींवर प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यातल्या जवळपास १.८ कोटी बनावट. कंपन्यांच्या पैशांनी केलेल्या मोहिमेने खऱ्या माणसांच्या नावांवर लाखो प्रतिक्रिया घातल्या होत्या. आणि दुसऱ्या बाजूच्या ७७ लाख एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने! आता तुम्हीच सांगा, यानंतर फोन उचलणाऱ्याने कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. झिप कोड विचारतात ते म्हणूनच.

राईनकाठी

युरोपातला अनुभव देतो, थोडा कडू आहे. २०१९ मध्ये कॉपीराइट निर्देशावर (ते कुप्रसिद्ध अनुच्छेद १३, लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी साइटवर टाकणारं) आम्ही काही जण युरोपीय संसदेच्या सदस्यांना लिहीत होतो. काही सदस्य जाहीरपणे म्हणू लागले की हे ईमेल बॉट पाठवतायत. मग लोक निदर्शनात 'आम्ही बॉट नाही' असे फलक घेऊन उतरले. मीही होतो, पावसात.

२६ मार्चला मतदान. आधी प्रश्न एवढाच होता की वादग्रस्त अनुच्छेदांवर वेगळं मतदान घ्यायचं का. ३१२ हो, ३१७ नाही. पाच मतांनी हरलो. आणि नंतर दहाहून जास्त सदस्यांनी नोंद दुरुस्त करून घेतली की आम्ही चुकून भलतं बटण दाबलं! निकाल अर्थात बदलला नाही.

त्याआधी मात्र २०१२ मध्ये आक्टा करार (नकली माल आणि पायरसीविरोधी आंतरराष्ट्रीय करार) त्याच संसदेने ४७८ विरुद्ध ३९ असा उडवला होता, तोही लोकांच्या दबावानेच. तेव्हा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. फक्त पुढच्या वेळी पत्राच्या शेवटी 'कृपया योग्य बटण दाबावे' असं लिहिणार आहे.

टवाळ_पाखरू

राईनकाठी, आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद. बाकी कुणी विनोद करू नये, माझं दुकान बंद पडेल.

सरळ_रेषा

जरा वेगळा सूर लावते. तुम्ही सगळे तंत्रज्ञानवाले प्रत्येक कायद्याच्या विरोधात का असता? माझ्या ओळखीच्या एका बाईंचे फोटो बदलून फिरवले गेले. त्या तक्रार घेऊन कुठे कुठे फिरल्या ते मी बघितलंय. त्यांना कायदा हवा होता, कडक हवा होता. 'एन्क्रिप्शन वाचवा' हे त्यांना काय सांगणार? आणि डेटा संरक्षणाचा कायदा नको होता का आपल्याला? २०१७ च्या खासगीपणाच्या निकालापासून सगळे तोच मागत होते ना?

अनुस्वार

सरळ_रेषा, मला कायदा हवाच होता. त्यातलं एक पोटकलम नको होतं. पण आता विचार करतेय की माझ्या चार पानांत हे कुठेच स्पष्ट लिहिलं नव्हतं. वाचणाऱ्याला वाटलं असणार, ही बाई अख्ख्या विधेयकाच्या विरोधात आहे.

कोपऱ्यातलं_टेबल

हे फार महत्त्वाचं आहे. 'विधेयक मागे घ्या' म्हणणाऱ्या पत्रावर सहायक 'विरोधक' असा शिक्का मनातल्या मनात मारतो. 'हेतू मान्य आहे, अमुक कलम तमुक पोटकलम, त्याने हे होईल, त्याऐवजी हे शब्द घाला' असं पत्र आलं की तो खुर्चीत सरळ बसतो. कारण हे तो तसंच्या तसं पुढे पाठवू शकतो. सरळ_रेषांनी सांगितलेल्या बाईंसारखं कुणी त्यांच्याकडेही येऊन गेलेलं असतं, हे विसरू नका.

आणि वेळेबद्दल. विधेयक मांडलं गेलं की बऱ्याचदा उशीर झालेला असतो. मसुदा असतो तेव्हा माती ओली असते. २०१४ च्या धोरणाप्रमाणे मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा अशी अपेक्षा आहे. ती नेहमी पाळली जात नाही, तेव्हा 'का पाळली नाही' हाही एक चांगला प्रश्न होतो. विधेयक समितीकडे गेलं तर अजून एक दार उघडतं. २०१९ चं डेटा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं. ९९ कलमांच्या विधेयकाला समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. प्रसारण सेवा विधेयकाच्या मसुद्यावर २०२४ मध्ये यूट्यूबवाल्यांपासून सगळ्यांनी गदारोळ केला, तेव्हा नवा मसुदा आणतो म्हणून मंत्रालय थांबलं. दोन्हीकडे सभागृहात मतदान झालंच नाही, त्यामुळे व्हिपचा संबंधच आला नाही.

शेरा_मारणारा

आणि २०२२ नंतर जे आलं ते समितीकडे न जाता चार दिवसांत लोकसभेत मंजूर झालं. ओली माती वगैरे ठीक आहे, कुंभार शहाणा झाला.

कोपऱ्यातलं_टेबल

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मान्य.

चष्मा_कुठे_ठेवला

पण कायदा झाल्यावरही नियम येतात ना. ते दोन्ही सभागृहांच्या पटलावर ३० दिवस ठेवावे लागतात आणि सदस्य ते बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव आणू शकतो. केरळचे पी. राजीव यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत २०११ च्या मध्यस्थ नियमांविरुद्ध (लोकांचा मजकूर दाखवणाऱ्या साइट-कंपन्यांसाठीचे नियम) असा प्रस्ताव आणला होता. हरले. पण त्यावर सभागृहात चर्चा झाली आणि मंत्र्यांना संबंधितांशी पुन्हा बोलण्याचं आश्वासन द्यावं लागलं.

हिरवी_शाई

एक तांत्रिक सूचना, हसू नका. निवेदन युनिकोडमध्ये टाइप करा. आमच्या संघटनेने एकदा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवली. कार्यालयातून फोन आला, 'साहेब, हे कुठल्या भाषेत आहे?' त्यांच्या संगणकावर तो फाँट नव्हता. डिजिटल अधिकारांवरचं निवेदन होतं.

जुना_टंकलेखक

म्हणून म्हणतो, कागद.

सरळ_रेषा

भाषेचं काय? मराठीत लिहावं की इंग्रजीत?

कोपऱ्यातलं_टेबल

खासदारांना मराठीत, कारण ते वाचतील. सोबत प्रश्नाचा किंवा दुरुस्तीचा मसुदा इंग्रजीत किंवा हिंदीत, कारण नोटीस त्या भाषेत जाणार. भाषांतराचं काम सहायकावर टाकलंत की पत्र ढिगाच्या तळाशी.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. शेरा_मारणारा यांचेसुद्धा, त्यांच्यामुळे निम्मं कळलं. डेटा कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि माहिती अधिकारातला तो बदलही लागू झाला. तरी नवीन पत्र लिहिलंय. दीड पान आहे. सुरुवात अशी:

'माहितीचा अधिकार हा लोकशाहीचा प्राणवायू आहे. आजच्या डिजिटल युगात पारदर्शकता आणि खासगीपणा यांचा समतोल...'

शेरा_मारणारा

प्राणवायू काढा.

टवाळ_पाखरू

युगही.

कोपऱ्यातलं_टेबल

दोघांशी सहमत. सरकारचं म्हणणं आहे की कलम ८(२) मधला सार्वजनिक हिताचा अपवाद शाबूत आहे. ते तुम्हीच आधी लिहा, नाहीतर उत्तरात तेच येईल. मग प्रश्न विचारा: ८(२) वापरून किती प्रकरणांत वैयक्तिक माहिती दिली गेली, याची आकडेवारी सरकार ठेवतं का?

हिरवी_शाई

जुन्या ८(१)(ञ) ला एक परंतुक (कलमाला जोडलेली अट) होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नव्या बदलात ते गेलं. खासदाराला लिहिताय ना? मग त्याचीच गोष्ट सांगा: आधी कायदा मला आणि तुम्हाला एका ओळीत बसवत होता.

अनुस्वार

हे डोक्यातच आलं नव्हतं! पहिलं वाक्य तेच करते.

अनुस्वार

(नऊ दिवसांनी) संपर्क कार्यालयात जाऊन आले. एक पान, दोन प्रती. आवक क्रमांक मिळाला, काका. स्वीय सहायकांनी उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, 'हे परंतुक म्हणजे नक्की कुठलं? आमच्याकडे जुना कायदा नाहीये.' मी म्हटलं, पाठवते.

शेरा_मारणारा

टाळलं तुम्हाला.

कोपऱ्यातलं_टेबल

नाही. टाळायचं असतं तर 'साहेबांना दाखवतो' म्हणाले असते. जुन्या कायद्याचं ते पान आजच नेऊन द्या, उद्यावर टाकू नका. आणि परंतुकासमोर पेन्सिलीने खूण करा, पेनने नको, त्यांना झेरॉक्स काढावी लागेल.